दोन घंटे रडू द्या

खुशालराव अढाऊंनी लग्नं बरीच चुकवली असतील, माती कोणाची चुकवली नाही. अचलपूरपासून सात किलोमीटरवरच्या त्या गावात कोणालाही विचारा. सोयऱ्याधायऱ्यांत कोणी गेल्याचं कानावर आलं, की संत्र्याच्या बगीच्यातलं पाणी तसंच वाहतं सोडून हा माणूस घरी यायचा, सदरा बदलायचा आणि मिळेल ती एसटी धरायचा. अकोट असो, दर्यापूर असो, नाहीतर तिकडे धारणीच्या जंगलात जीपच्या मागे लटकून का होईना, तिरडीला खांदा द्यायला पोचायचाच. "लग्नाले नाही गेलं तं माणूस रुसते, मंग त्याले मनवता येते," ते म्हणायचे. "मातीले नाही गेलं तं मनवता कोणाले?"

त्यांची एकुलती एक पोरगी आरती. संख्याशास्त्रात एमएस्सी झाली आणि अमरावतीत एका अ‍ॅपच्या कंपनीत लागली. अ‍ॅपचं नाव सांगण्यात अर्थ नाही, फुकटची जाहिरात कशाला? पण काम मोठं गमतीचं. तुम्ही कुठे उभे आहात हे तुमच्या फोनला ठाऊक असतं, आणि तुमच्या आजूबाजूला आत्ता काय चाललंय हे ते अ‍ॅप सांगतं. त्याला कुठून कळतं? लोकच सांगतात की! आपले लोक गप्प बसतात का? झाड पडलं, टाक पोस्ट. लाईट गेली, टाक पोस्ट. अकोल्यात पाचव्या दिवशी नळ आले, तर लग्न जमल्यासारखे फोटो टाकतात. एकाच भागातले बरेच जण थोड्या वेळात एकच गोष्ट लिहायला लागले, की यंत्र समजतं, इथे काहीतरी घडलंय.

आता यंत्राला शिकवणारे बसलेले लांब, त्यांना वऱ्हाडी कुठलं कळायला! 'चौकात मरणाची गर्दी हाय' असं कोणी लिहिलं, की ते बिचारं मेलं कोण ते शोधत बसायचं. म्हणून आरतीला घेतलं. दिवसभर पडद्यासमोर बसायचं, यंत्राने काढलेली बातमी वाचायची आणि शिक्का मारायचा. हिरवा म्हणजे खरी. लाल म्हणजे खोटी.

आणि ऐका, मयतीच्या खबरा त्या अ‍ॅपमध्ये आणल्या त्या आरतीनेच. आधी यंत्र श्रद्धांजलीच्या पोस्टी कचरा म्हणून फेकून द्यायचं. तिने तिच्या साहेबांना, गजेंद्र सरांना, समजावलं. "सर, आमच्याकडं लोकायले मेळ्याची खबर नाही भेटली तं चालते. मातीची भेटाले पाहिजे. किती वाजता उठवणार, कोणत्या मोक्षधामात नेणार, रस्ता कोणता, हेच लोक विचारते." हे तिला बापामुळे सुचलं होतं आणि तिने ते लपवलंही नाही. सहा महिन्यांत सगळ्या वऱ्हाडाला सवय लागली. कोणी गेल्याची कुजबुज आली, की लोक आधी फोन उघडून हिरवी खूण पाहायचे आणि मगच पायात चप्पल घालायचे. खुशालराव तर बसस्टँडवर अनोळखी माणसाला सांगायचे, "हे माह्या पोरीचं काम हाय बरं!"

मग तो कावळा आला.

ऑगस्ट संपत आला होता. सकाळी बगीच्यात खुशालराव वाकून काही पाहत होते, आणि कावळा येऊन त्यांच्या डोक्यावर बसला. नुसता घासून गेला नाही, चांगला बसला, टोपीवर पाय रोवून. शेजारच्या वावरातल्या चंद्रभानने पाहिलं. तो बोलला नसता तर निभलं असतं, पण चंद्रभान आणि गप्प बसणं! दुपारच्या आत खुशालरावांच्या बायकोला, दुर्गाबाईंना कळलं, आणि त्यांनी हातातलं काम टाकून चंद्रभानलाच बोलावून घेतलं. डोक्यावर कावळा बसणं म्हणजे यमाने पत्ता विचारून जाणं.

त्यावरचा उतारा वऱ्हाडात ज्याला त्याला माहीत आहे. माणूस मेल्याची खोटी खबर सोयऱ्यांत पाठवायची. सोयऱ्यांनी ती खरी मानून रडायचं, अगदी पोटातून. जिवंत माणसासाठी माती झाल्यासारखं रडणं झालं, की मरण फसतं, आल्या पावली परत जातं. दोन घंट्यांनी सांगायचं, की खबर खोटी होती. मग लोक शिव्या घालतात, हसतात, चहा पितात. पूर्वी त्यासाठी तार करायचे. आता चंद्रभानने खुशालरावांचा हार घातलेला फोटो बनवला आणि लिहिलं, 'खुशालराव अढाऊ यांचे दुःखद निधन. अंत्ययात्रा सायंकाळी पाच वाजता.' गावाच्या ग्रुपवर, जातीच्या ग्रुपवर, संत्रा बागाईतदारांच्या ग्रुपवर, जिथे जिथे टाकता येईल तिथे टाकलं.

अडीच वाजता ते आरतीच्या पडद्यावर आलं.

बापाचा हार घातलेला फोटो, खाली हिरवं बटण, लाल बटण. पोरीचं काय झालं असेल! रडू नाही आलं तिला, रडायला आधी विश्वास बसावा लागतो. तिने फोन लावला. दोनदा वाजला आणि खुद्द खुशालरावांनी उचलला. तोंडात घास होता.

"बोल वो माय."

"बाबा?" तिने फोन कानाला आणखी दाबला. "बाबा, तुमी... तुमी जेवून राहिले?"

"मंग काय करू? मेल्याच्या दिवशी उपाशी राहू काय?" ते खो खो हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अवं, कावळा बसला डोक्स्यावर. तुही माय ऐकतच नाही. मले काही नाही वाटत, पण तिच्या जीवाले घोर. हे पाय, दोन घंटे कोणाले सांगू नको. दोन घंटे लोकायले रडू दे. मंग म्या सोताच फोन करतो समद्यायले."

"दोन घंटे?" आता आरतीचा पारा चढला. "माहा जीव गेला असता इथं! काही लाज हाय का नाही? तिकडं आत्या अकोल्याहून निघन, रस्त्यात तिले काही झालं तं? पढवलं कायले मले? असल्या गोष्टीसाठी?"

"आरती, आयक बेटा. मायसाठी. दोन घंटे."

तिने फोन ठेवला. भीती उतरली की तिचा राग होतो, आणि राग आला की माणूस हाताशी असेल ते वापरतो. तिच्या हाताशी लाल बटण होतं. तिने ते दाबलं. तेवढ्यावर थांबली नाही. त्याच नावाची, त्याच गावाची खबर पुन्हा आली, तर यंत्राने विचारायलाही येऊ नये, सरळ खोटी ठरवावी, असा नियमही टाकून दिला. चंद्रभान दुसऱ्या ग्रुपवरून पुन्हा टाकेल, ही तिला खात्रीच होती. पोस्ट पडल्यापासून सात मिनिटांत अमरावती-अकोल्यातल्या हजारो फोनांवर सूचना गेली. 'खुशालराव अढाऊ यांच्या निधनाची बातमी खोटी आहे.'

अकोल्यात गोरक्षण रोडकडे खुशालरावांची धाकटी बहीण राहते, मैनाबाई. तिने श्रद्धांजलीचा फोटो पाहिला, ओट्याला धरून खाली बसली, आणि पहिला हुंदका फुटायच्या आत नातवाने फोन पुढे केला. "आजी, थांब, लाल खूण हाय. खोटं हाय." मैनाबाईने डोळे न पुसताच देवाला साखर ठेवली. डोळे पुसायला ओले झालेच कुठे होते? तीच गत अकोटला, तीच दर्यापूरला. सगळे वाचले, सगळे हसले. कोणी म्हणजे कोणी रडलं नाही.

ऑफिसात आरतीचं कौतुक झालं. गजेंद्र सरांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, की अफवा अशी पकडायची असते. समोसे आले. आरतीने एक खाल्ला. दुसरा तिला गेला नाही.

शनिवारी ती गावी गेली. खुशालराव ओसरीत बसून तिचीच वाट पाहत होते, मुळीच रागावले नव्हते. "अवं, लोक मेल्यावर पिंडाले कावळा शिवाची वाट पायतात," ते म्हणाले, "माहावाला कावळा आधीच येऊन गेला. तुमचं काम वाचलं." आरती हसली. दुर्गाबाईंनी पोरीला वाढलं, पाणी दिलं, आणि ताट उचलताना एवढंच म्हणाल्या, "त्यायनं दोन घंटे मागतले होते तुले. जास्त नाही मागतले."

"माय, कावळ्यानं माणूस मरते काय?"

"म्या कुठं म्हणतो मरते?" दुर्गाबाई म्हणाल्या. "पण माह्या मनाले आधार भेटला असता. तू कोणाच्या डोळ्यात पाणी नाही येऊ दिलं."

कावळ्याने माणूस मरत नाही. हे आरतीला माहीत होतं, तुम्हाला आम्हाला माहीत आहे. खुशालरावांच्या छातीची एक नळी दोन वर्षांपासून अर्धी बंद होती. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासणी सांगितली होती, आणि संत्रा तुटला की करू, असं म्हणून त्यांनी ती पुढे ढकलली होती. हेही घरात सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असणं आणि मनाला पटणं यांची गाठ कधी पडते का?

कावळा बसल्यापासून बरोबर एकोणीस दिवसांनी, मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता, खुशालराव बगीच्यात खाली बसले ते उठले नाहीत. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. चंद्रभानने आरतीला फोन केला. त्याला धड बोलता येत नव्हतं, आणि चंद्रभानला बोलता येत नाही म्हटल्यावर आरतीला पुढे काही विचारावं लागलं नाही. ती अंगावरच्या कपड्यांनिशी बसस्टँडवर आली. परतवाड्याच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. वलगाव गेलं, आसेगाव गेलं, ती नुसती बाहेर पाहत होती.

फोन थरथरला. आपल्याच अ‍ॅपची सूचना होती. 'खुशालराव अढाऊ यांच्या निधनाची बातमी पुन्हा पसरवली जात आहे. ही बातमी खोटी आहे.'

माय वो! चंद्रभानने माणसाच्या रीतीने सगळीकडे खबर टाकली होती. आणि यंत्राने, आरतीने शिकवलं होतं तसं, कोणाला न विचारता लाल शिक्का मारून ती हजारो लोकांना कळवली होती.

तिने गजेंद्र सरांना फोन केला. पाच मिनिटांत त्यांनी नियम काढला, सूचना मागे घेतली, नवी पाठवली, की निधनाची बातमी खरी आहे. भला माणूस. पण बोलून चुकलेला शब्द आणि फोनवर पडून चुकलेली सूचना परत येत नाही. आणि लोकांनी तरी काय समजावं? आधी खोटी, मग खरी! कावळ्याची गोष्ट तोवर सगळ्या सोयऱ्यांना कळली होतीच, ज्याने त्याने आपापला हिशोब जुळवला. मागच्या वेळी कोणी रडलं नाही, उतारा वाया गेला, म्हणून दुर्गाबाईने यावेळी तो नीट करायचा ठरवला असणार, पोरीलाही सामील करून. चांगलं आहे, करू देत. खुशालरावाला शंभर वर्षं आयुष्य मिळो!

आरती घरी पोचली तेव्हा बाप ओसरीत चटईवर निजवलेला होता. दुर्गाबाई उशाशी बसल्या होत्या. त्यांनी पोरीकडे पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. आरती पायांवर पडली, कपाळ तळव्यांना लावून खूप वेळ तशीच राहिली. पाय गार होते. तिला बोलायचं होतं, की बाबा, घ्या दोन घंटे, चार घ्या, लागतील तेवढे घ्या. पण ऐकायला कोण होतं?

गावातले आले. गावाला फोनची गरज नसते. पण बाहेरचं कोणी येईना. बारा वाजले, एक वाजला. एसटी थांबायची, दोन पोरं उतरायची, निघून जायची. ज्यांच्या घरच्या मातीला हा माणूस पायपीट करून पोचला होता, त्यांच्यापैकी कोणीही फाट्यावर उतरलं नाही.

आरतीने एकेकाला फोन लावायला घेतला. अकोटच्या मनोजमामांनी तिचं रडणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रड बेटा, मोकळी होऊन रड. मागच्या बारीले कच्चं राहिलं होतं." दर्यापूरची मावशी म्हणाली, "अवं, म्याही रडून राहिली इकडं, आयकू येते नं?" आणि तिने खरंच फोनवर गळा काढला, मग मध्येच थांबून विचारलं, "इतकं पुरे का अजून?"

आरती जितकी रडली, तितकं लोकांना ते खोटं वाटलं.

दुपारी तीनला जाणत्या माणसांनी विषय काढला, की आता उठवावं लागेल, ऊन आहे, दिवस मावळायच्या आत झालं पाहिजे. दुर्गाबाईंनी सकाळपासून पहिल्यांदा तोंड उघडलं. "मैना आल्याबगर न्याचं नाही. त्यायचं तोंड तिनं पाह्यलं पाहिजे. एकच बहीण हाय." अकोला म्हणजे तीन तासांचा रस्ता. आता निघाली तर सहाला पोचेल. त्याच क्षणी निघायला हवी होती.

मैनाबाईचा फोन दुपारभर लागला नव्हता, आता तिसऱ्या खेपेला लागला. आरतीने व्हिडिओच लावला. रडण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही तर निदान डोळ्यांवर ठेवेल. पडद्यावर मैनाबाईचा चेहरा आला, एकदम खूश.

"काय वो, जमवलं का नीट यावेळी?"

"आत्या, बाबा गेले. खरंच गेले वो. तू आत्ताच्या आत्ता गाडी कर."

"हो नं बाप्पा, गेला. दाखव तं कुठं गेला."

आरतीने फोन फिरवला. खुशालराव निजलेले, कपाळाला बुक्का, गळ्यात झेंडूचा हार, नाकात कापूस. मैनाबाई हसली.

"पाय कसा निजला! लहानपणापासून नाटक्या हाय हा. शाळा बुडवाची असली की असाच निजे डोळे मिटून, आन् माय वळली की मले डोळा मारे. ए भाऊ! उठ आता. पोरीले काहून रडवून राहिला?"

अंगणातली माणसं ओसरीकडे वळली. फोनमधून तेवढा एक आवाज येत राहिला.

"भाऊ, आयकू येऊन राहिलं नं? म्या बोलून राहिली, मैना. हास नं एकडाव. बस झालं." ती थांबली. वाट पाहत होती. "आरती, जरा पोटाकडं धर वो फोन. पोट हालते त्याचं. हासू दाबाले लागला का त्याचं पोट हालते."

आरतीने फोन पोटाकडे धरला. दोन्ही हातांनी धरला. मैनाबाई डोळे बारीक करून पाहत राहिली, फोन अगदी नाकाशी घेऊन. तिच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं आणि डोळे तेवढे बदलले.

"नेट खराब हाय इकडं," ती म्हणाली. "नीट दिसत नाही. हालून राहिलं नं आरती?"

"नाही आत्या."

"मागच्या बारीले तूच तं सांगतलं होतं खोटं हाय म्हून. तुले समजते नं खरं-खोटं? मंग सांग नं वो. खोटं हाय म्हून सांग मले."

आरतीने आयुष्यात किती बातम्यांना शिक्के मारले असतील! बापाच्या बातमीला मारायचा हिरवा शिक्का तेवढा तिच्याच वाट्याला राहिला होता.

"खरं हाय आत्या," ती म्हणाली. "खरं हाय."

मग मैनाबाईने जो हंबरडा फोडला, तो फोनमधून ओसरीत, ओसरीतून अंगणात गेला. बाहेर बांबू बांधत बसलेल्या चंद्रभानने हातातली सुतळी खाली टाकली आणि तोंडावर उपरणं घेतलं. दुर्गाबाई उठल्या, गुडघ्यावर हात टेकत आरतीजवळ आल्या आणि फोनकडे तोंड करून नणंदेला म्हणाल्या, "आता रडून काय करतं वो मैना? रडाचं होतं तं तवा रडाले पाहिजे होतं."